कोणत्या दाराने आले, आणि हातात कोणता कागद होता

प्रश्न थोडक्यात असा आहे. मिनियापोलिसमध्ये समाजकार्य शिकणाऱ्या एका मराठी विद्यार्थिनीने प्रकल्पासाठी जनगणना खात्याच्या आकड्यांतून मिनेसोटाचे दोन रकाने काढले: ‘जन्म थायलंड’ आणि ‘जन्म लायबेरिया’. दोन्हींत उत्पन्न, शिक्षण, घरमालकी यांत फरक दिसतो. वर्गात कुणीतरी म्हणालं की आशियाई लोक मुळातच काटकसरी आणि शिक्षणाला धरून असतात, म्हणून हा फरक. तिला ते पटलं नाही, पण खोडूनही काढता येईना. तिने विचारलंय, खरं कारण काय?

मी २३ वर्षं इथल्या उत्तरेकडच्या उपनगरांत, ब्रुकलिन पार्क आणि ब्रुकलिन सेंटरमध्ये, स्थलांतरितांचे टॅक्सचे आणि नागरिकत्वाचे कागद भरून देते. त्याआधी चार वर्षं लॉस एंजेलिसला होते, तिथे थाय कुटुंबांसाठी हेच काम केलं. त्यामुळे दोन्ही समाजांची कागदपत्रं माझ्या हाताखालून गेली आहेत. जरा सविस्तरच सांगते.

आधी तुझा तक्ता बाजूला ठेव, कारण त्यातला पहिला रकाना तू समजतेस त्या लोकांचा नाही. मिनेसोटात थायलंडमध्ये जन्मलेले म्हणून जे मोजले जातात, त्यांतले बहुसंख्य थाय नाहीत. ते मोंग आहेत आणि करेन आहेत. लाओसमधल्या युद्धात मोंग लोक अमेरिकेच्या बाजूने लढले. १९७५ साली तिथे साम्यवादी सत्ता आल्यावर ते मेकाँग नदी ओलांडून थायलंडमध्ये आले आणि छावण्यांत राहिले. लोएई प्रांतातली बान विनाई ही त्यांतली सर्वांत मोठी, ती १९९२ पर्यंत चालली. पुढे वाट थाम क्राबोक या मठाच्या आवारात राहणाऱ्या सुमारे १५ हजार मोंगांना २००४ पासून अमेरिकेत आणलं, त्यांतले खूप जण मिनियापोलिसला लागून असलेल्या सेंट पॉलला आले. करेन हे बर्मातले. त्यांची मे ला छावणी थायलंडच्या ताक प्रांतात आहे. या छावण्यांत जन्मलेलं मूल अर्जावर ‘जन्मदेश: थायलंड’ असंच लिहितं. थायलंडने त्याला कधी नागरिक मानलं नाही, आणि त्याच्या घरात थाय भाषा बोलत नाहीत.

म्हणजे तू केलेली तुलना निर्वासितांची निर्वासितांशीच आहे. लायबेरियाच्या बाजूलाही हीच भानगड आहे, फक्त उलट. घानात अक्राजवळ बुडुबुराम नावाची छावणी १९९० मध्ये सुरू झाली, तिथे लायबेरियन कुटुंबं पंधरा-पंधरा वर्षं राहिली. तिथे जन्मलेली मुलं तुझ्या तक्त्यात ‘जन्म घाना’ म्हणून गेली आहेत. शिवाय इथे जन्मलेल्या पिढीचा प्रश्न वेगळाच. थाय आई-बापांच्या मुलाला ‘इतर आशियाई’पुढे ‘थाय’ असं लिहायला जागा बऱ्याच वर्षांपासून आहे. लायबेरियन मुलगा ‘कृष्णवर्णीय’ या चौकटीवर खूण करतो. त्यापुढे मूळ देश लिहायची ओळ २०२० च्या जनगणनेत पहिल्यांदा आली. त्याआधीची सगळी दुसरी पिढी त्या मोठ्या रकान्यात मिसळून गेलेली आहे. तेव्हा जन्मदेशाबरोबर वंश आणि घरात बोलली जाणारी भाषा हे रकानेही जोडून घे, मगच आकडे वाच.

आता खऱ्या थाय लोकांकडे येऊ. १९६५ च्या कायद्याने देशवार कोटा गेला आणि आशियातून डॉक्टर, नर्स, विद्यार्थी यायला लागले. त्याच काळात व्हिएतनाम युद्धासाठी अमेरिकेचे विमानतळ थायलंडमध्ये होते: उडोन, कोरात, उ-तपाओ, ताखली. तिथल्या सैनिकांशी लग्न करून हजारो स्त्रिया इकडे आल्या. आजही अमेरिकेतल्या थाय लोकांत स्त्रिया पुरुषांपेक्षा बऱ्याच जास्त आहेत, आणि अनेकींचे नवरे अमेरिकन आहेत. हे लक्षात घे, कारण ‘कुटुंबाचं उत्पन्न’ या रकान्यात त्या नवऱ्याचा पगार, पेन्शन आणि कधीकधी त्याचं आधीपासूनचं घरही येतं. २०१० च्या जनगणनेत मिश्र वंशाचे धरून थाय साधारण २ लाख ३७ हजार होते. समाज लहान, आणि त्यातला मोठा भाग लॉस एंजेलिसच्या आसपास. १९९९ मध्ये पूर्व हॉलिवूडमधल्या हॉलिवूड बुलेव्हार्डच्या एका टप्प्याला ‘थाय टाउन’ असं नाव अधिकृतपणे मिळालं. तिथे राहणारे बहुतेक लॅटिनो आणि आर्मेनियन होते. थाय लोक तिथे दुकान उघडायला, जेवायला आणि देवळाची वर्गणी गोळा करायला यायचे.

थाय म्हणजे सुस्थित, हा समज मात्र तिथेच मोडला पाहिजे. २ ऑगस्ट १९९५ ला लॉस एंजेलिसजवळच्या एल मॉन्टे गावात एका इमारतीवर छापा पडला. आत ७२ थाय कामगार होते, बहुतेक बायका. भोवती काटेरी तार, दिवसरात्र शिवणकाम, आणि काहींना तिथे सात वर्षं झालेली. ते कपडे अमेरिकेतल्या नामांकित दुकानांत विकले जात होते. या प्रकरणाने इथला कायदा हलवला. २००० साली मानवी तस्करीच्या बळींसाठी वेगळा व्हिसा आला, त्यामागे ज्या घटना होत्या त्यांत ही एक मोठी. मी लॉस एंजेलिसला गेले तेव्हा त्याला काही वर्षं उलटली होती, तरी आमच्या खोलीत येणाऱ्या शिवणकाम करणाऱ्या बायका खुर्ची दाराकडे तोंड करून ठेवायच्या. डॉक्टरीणबाई आणि या बायका, दोघी थाय. त्यांची सरासरी काढली तर जी बाई तयार होते ती मला आजवर कधी भेटलेली नाही.

लायबेरियाची गोष्ट अमेरिकेतच सुरू होते. अमेरिकन कॉलोनायझेशन सोसायटी नावाच्या संस्थेने १८२२ पासून मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांना आफ्रिकेच्या किनाऱ्यावर नेऊन वसवलं. राजधानीला अध्यक्ष मन्रोवरून मन्रोव्हिया नाव दिलं, आणि १८४७ मध्ये देश स्वतंत्र झाला. या वसाहतवाल्यांच्या वंशजांनी १९८० पर्यंत राज्य केलं. राजभाषा इंग्रजी, चलन डॉलर, घटना अमेरिकेच्या धर्तीवर. १९८० पर्यंत अमेरिकेत आलेले लायबेरियन म्हणजे प्रामुख्याने सरकारी शिष्यवृत्तीवरचे विद्यार्थी आणि सधन घरची मुलं, शिकून परत जाणारी. त्या एप्रिलमध्ये सॅम्युएल डो याने बंड केलं, अध्यक्ष टोलबर्ट मारले गेले, आणि शिकायला आलेली मुलं इथेच अडकली. १९८९ च्या डिसेंबरात चार्ल्स टेलरने युद्ध पेटवलं. मधली थोडी उसंत सोडली तर ते २००३ पर्यंत चाललं, आणि मेलेल्यांचा अंदाज अडीच लाखांच्या घरात जातो. त्यानंतर आलेले लोक वेगळे होते: गावांतून पळालेले, शाळा अर्ध्यावर सुटलेली, आणि ज्यांची शाळा पुरी झाली त्यांचे दाखले जळालेले.

इंग्रजी येतं म्हणजे निम्मी लढाई जिंकली, असं आपल्याला वाटतं. मग इंग्रजी बोलत आलेला समाज, भाषा अडखळत आलेल्या थाय लोकांच्या मागे का? तुझ्या वर्गातल्या वादाचं उत्तर इथे आहे, आणि ते मी दोन लायबेरियन बहिणींच्या उदाहरणाने सांगते. त्यांची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

मोठी बहीण २००१ मध्ये पाहुणी म्हणून व्हिसावर आली. युद्ध चालू होतं, परत पाठवणं शक्य नव्हतं. लायबेरियनांना तात्पुरतं संरक्षण पहिल्यांदा १९९१ मध्ये मिळालं होतं. १९९९ मध्ये ते संपवून त्याजागी ‘हद्दपारी पुढे ढकलली’ असा अध्यक्षांचा आदेश निघाला, २००२ मध्ये पुन्हा तात्पुरतं संरक्षण, २००७ मध्ये पुन्हा ढकलाढकली. बाई या रांगेत २००२ ला लागली. नावं बदलत राहिली, कार्ड तेच: वर्षा-दीड वर्षाची मुदत असलेलं वर्क परमिट. काम करा, टॅक्स भरा, पण ग्रीन कार्डकडे जाणारा रस्ता त्यातून फुटत नाही. मुदतवाढ जाहीर व्हायची ती कित्येकदा शेवटच्या आठवड्यात. २०१९ मध्ये तर ३१ मार्चला सगळं संपणार होतं आणि २८ मार्चला वर्षभराची वाढ आली. त्या तीन दिवसांत माझ्या टेबलापुढे जे लोक बसले होते, त्यांच्यापैकी काहींनी गाडी विकली होती.

धाकटी बहीण बुडुबुराम छावणीत अडकली. दिसायला ती जास्त कमनशिबी. पण तिला २००४ मध्ये निर्वासित म्हणून निवडलं आणि विमानात बसवलं. उतरल्यावर हातात होतं ते सांगते: आठ महिने थोडी रोख मदत, विमानाच्या तिकिटाचं हप्त्याने फेडायचं कर्ज, वर्षभरानंतर ग्रीन कार्डचा अर्ज करायचा हक्क, आणि कॉलेजसाठी केंद्र सरकारची मदत. दोघी नर्सिंग होममध्ये, म्हणजे इथल्या वृद्धांच्या देखभालगृहात, कामाला लागल्या. नर्सिंग असिस्टंटच्या कामाला कायद्याने किमान ७५ तासांचं प्रशिक्षण लागतं, म्हणजे महिन्याभरात पगार सुरू. धाकटी सरकारी मदत घेऊन रात्रीच्या वर्गांना गेली, आधी परवानाधारक नर्स झाली, मग पूर्ण नर्स. २००८ च्या मंदीनंतर घरांचे भाव पडलेले होते, तेव्हा तिने नवऱ्याबरोबर घर घेतलं.

मोठीला ती मदत नव्हती. तात्पुरत्या कागदावर केंद्राचं शैक्षणिक साहाय्य मिळत नाही. फी स्वतः भरायची तर दोन नोकऱ्या, आणि दोन नोकऱ्या केल्या तर वर्ग कधी करायचे? कर्ज मागायला गेली तर बँकेतला माणूस तीस वर्षांच्या कर्जासमोर अठरा महिन्यांचं कार्ड ठेवून बघायचा. मन्रोव्हियात ठेवलेल्या मुलाला आणायचा अर्ज तिला करता येत नव्हता. नवं कार्ड पोस्टात अडकलं की कामावरचं ऑफिस तिला घरी बसवायचं, पगार बंद. डिसेंबर २०१९ मध्ये संरक्षण खात्याच्या खर्चाच्या कायद्यात लायबेरियनांसाठी एक कलम आलं आणि २० नोव्हेंबर २०१४ पासून सलग इथे असलेल्यांना ग्रीन कार्डचा अर्ज करता आला. तिने तो केला आणि तिला कार्ड मिळालं. तोवर ती ५४ वर्षांची होती आणि मुलगा बाप झाला होता.

एकाच घरातल्या, एकाच शाळेतल्या, एकाच चर्चमध्ये गाणाऱ्या या दोन बहिणी. आज दोघींच्या संपत्तीत जो फरक आहे तो तुझ्या तक्त्यातल्या दोन देशांमधल्या फरकाहून मोठा आहे. त्यात संस्कृती कुठे बसवायची, हे वर्गातल्या त्या मुलाला विचार. मला या विषयावर शांतपणे बोलता येत नाही. १९९१ ते २०१९ ही अठ्ठावीस वर्षं लोकांना दर मार्चला किंवा सप्टेंबरला बॅग भरून ठेवायला लावलं, आणि नंतर आकडे काढून विचारलं की यांची घरमालकी कमी का.

धंद्याचा मुद्दा. थाय माणूस म्हटलं की रेस्टॉरंट, लायबेरियन म्हटलं की नर्सिंग होम, हे वरवर स्वभावाचं वाटतं. गंमत अशी की अमेरिकेत पैसे गुंतवून धंदा काढणाऱ्यांसाठी जो करारावर आधारलेला व्हिसा आहे, तो थाय आणि लायबेरियन दोघांनाही उपलब्ध आहे. थायलंडशी करार १९६६ चा, लायबेरियाशी त्याहून जुना, १९३८ चा. (भारतीयांना तो मिळत नाही, कारण आपल्याशी तसा करारच नाही.) म्हणजे कागदावर हक्क सारखा. पण थाय कुटुंबाकडे बँकॉकमधलं घर गहाण ठेवायला असतं, आणि २००२ च्या सुमारास थाय सरकारने परदेशात थाय रेस्टॉरंट वाढवायची मोहीमच काढली, आचाऱ्यांना प्रशिक्षण दिलं, त्यांच्या निर्यात-आयात बँकेने कर्ज दिलं. त्याच सुमाराला, २००३ च्या उन्हाळ्यात, मन्रोव्हियावर तोफगोळे पडत होते. लायबेरियन माणसाने घर गहाण ठेवायचं तरी कुठलं?

दोन्ही समाजांत भिशी आहे, हे तुला आवडेल. लायबेरियन तिला सुसू म्हणतात, थाय लोक ‘लेन शेअर’. थायलंडमध्ये तर त्यासाठी १९९१ पासून स्वतंत्र कायदा आहे. आपल्या आज्यांची भिशी चालायची तशीच चालते, कुणाची चिठ्ठी आधी लागणार यावरून तशीच कुरबूर होते. काटकसर एकाकडे आणि उधळेपणा दुसऱ्याकडे, हे खोटं आहे याचा मला याहून चांगला पुरावा माहीत नाही. मी पाहिलेल्या थाय बायकांच्या भिशीचा पैसा स्वयंपाकघराच्या चिमणीत आणि दुसऱ्या दुकानाच्या पागडीत गेला. लायबेरियन बायकांचा पैसा वर्क परमिटच्या फीत, मयतीत आणि गावाकडे गेला.

गावाकडे जाणारा पैसा हा वेगळा विषय आहे आणि तो बहुतेक तक्त्यांत नसतोच. थायलंडचं दरडोई उत्पन्न लायबेरियाच्या सात-आठपट तरी आहे. त्याहून महत्त्वाचं, थायलंडमध्ये २००१-०२ पासून ३० बाटमध्ये उपचार मिळण्याची योजना आहे. थायलंडच्या ईशान्येकडच्या ईसानमधल्या म्हाताऱ्या आईचं ऑपरेशन झालं तर लॉस एंजेलिसच्या मुलीला फळांचे पैसे पाठवावे लागतात. मन्रोव्हियातल्या आईचं ऑपरेशन असेल तर मिनेसोटातली मुलगीच तिचं सरकारी दवाखाना, विमा आणि पेन्शन असते. २०१४ मध्ये इबोला आला तेव्हा इथल्या बायका हातमोजे आणि ब्लीच पिंपांत भरून बोटीने पाठवत होत्या, रात्रपाळी सांभाळून. सहा वर्षांनी करोना आला, आणि याच बायका इथल्या नर्सिंग होममध्ये सगळ्यांत पुढे होत्या. त्यात आम्ही माणसं गमावली.

जमिनीचंही बघ. लायबेरियात जमीन फक्त नागरिकाला घेता येते, आणि १९७३ च्या कायद्याने दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की लायबेरियाचं जायचं. नागरिकत्व जाण्याचा हा नियम २०२२ मध्ये बदलला. तोपर्यंत अमेरिकन पासपोर्ट घेणं म्हणजे तिकडच्या जमिनीवर पाणी सोडणं. मी कितीतरी लोकांना नागरिकत्वाचा अर्ज अर्धा भरून परत नेताना पाहिलंय, आणि दरवेळी कारण वडिलांची जमीन. थाय माणूस अमेरिकन झाला तरी सहसा थाय पासपोर्ट ठेवून असतो, आणि निवृत्तीनंतर इथलं सोशल सिक्युरिटीचं पेन्शन घेऊन चियांग मायला जाऊन राहू शकतो.

राहिला वर्णाचा प्रश्न. त्यावर मी थोडंच लिहिते, कारण ते तू अभ्यासक्रमात वाचतेच आहेस. मिनियापोलिसमध्ये जुन्या खरेदीखतांत कृष्णवर्णीयांना घर विकायचं नाही अशी कलमं होती, आणि आजही इथली गोऱ्या-काळ्यांमधली घरमालकीची दरी देशात सर्वांत रुंद असलेल्यांपैकी आहे. लायबेरियन माणूस आला तो या दरीच्या काठावर उतरला, तिच्या इतिहासात त्याचा काही हात नसताना. थाय बाईला वंशभेद सोसावा लागत नाही असं मी म्हणत नाही, पण घर भाड्याने मागताना तिला जे ऐकावं लागतं ते वेगळं असतं. दोन्ही प्रकारच्या फोनवर मी दुभाष्यासारखी बसले आहे.

आणि एक आपल्याबद्दल. भारतीयांचं सरासरी उत्पन्न अमेरिकेत सर्वांत वर, हे वाक्य आपल्या मराठी मंडळांच्या कार्यक्रमांत दर दिवाळीला ऐकू येतं. त्यातला बराच भाग एच-१बी या नोकरीच्या व्हिसाच्या चाळणीचा आहे. अभियंते निवडून आणले की अभियंत्यांचे पगार दिसणारच. थाय-लायबेरियन तुलनेत जी चूक तुझ्या वर्गाने केली तीच आपण स्वतःबद्दल करतो.

प्रकल्पासाठी मुलाखती घेणार असशील तर उत्पन्न शेवटी विचार. आधी चार तारखा विचार: अमेरिकेत उतरल्याची, पहिल्या वर्क परमिटची, ग्रीन कार्डची, नागरिकत्वाची. मधल्या अंतरांचा एक साधा आलेख काढ आणि त्याखाली प्रत्येकाचं घर, पदवी, कर्ज मांड. थाय लोकांत १९९० च्या दशकात कपड्याच्या कारखान्यांत आलेल्यांना वेगळं धर, लायबेरियनांत १९८० पूर्वी आलेल्यांना वेगळं. लायबेरियन बायकांना शनिवारी दुपारी चार-पाचला भेट; सकाळी त्या रात्रपाळीहून येऊन झोपलेल्या असतात आणि रविवार चर्चमध्ये जातो. थाय रेस्टॉरंटवाल्यांना दुपारी अडीच ते साडेचारमध्ये, दोन जेवणांच्या मधे. आणि कुणी कार्ड दाखवायला काढलं तर फोटो घेऊ नकोस, तारीख वहीत लिहून घे.